ग्रामसभेच्या पाच पायऱ्या आणि पाच टक्के निधी

परभणी जिल्ह्यातील एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा धाकटा भाऊ विहिरीच्या कामावर असताना यारीवरून (विहिरीतला गाळ-मुरूम वर ओढण्याच्या यंत्रावरून) पडला, मणक्याला मार बसून कमरेखालची संवेदना गेली आणि तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. त्याचे शिक्षण बी.ए.पर्यंत झाले आहे, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ८० टक्क्यांचे आहे आणि संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान चालू आहे. ग्रामपंचायतीचे सभागृह पाच पायऱ्या वर असल्यामुळे तो ग्रामसभेला जात नाही, आणि तहसीलमधील ज्या शाखेत त्याचे काम असते ती पहिल्या मजल्यावर असल्यामुळे त्याचे कागद घेऊन ताईच जातात. दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीची चौकशी केली की दिवाळीच्या तोंडावर हजार रुपये हातावर ठेवले जातात आणि निराधारच्या अनुदानालाच पगार म्हणत "पगार चालू आहे ना, मग आणखी काय पाहिजे?" असे ऐकून घ्यावे लागते. हक्क म्हणून नेमके काय मागता येते, सुरुवात कुठून करावी, आणि तक्रार केल्याने गावातले संबंध बिघडले तर काय, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, मराठवाड्यात या स्वरूपाच्या प्रकरणांत वकिली करताना माझे जे मत बनले आहे ते आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. सुरुवात पैशापासून करू नका, पायऱ्यांपासून करा. निधीचा प्रश्न लहान आहे असे मी म्हणत नाही. परंतु निधी कोणाला, कशासाठी आणि किती द्यायचा हे ज्या खोलीत ठरते त्या खोलीत तुमचा भाऊ पोहोचत नाही, तोवर त्याच्या वाट्याला दुसऱ्याने ठरवलेले हजार रुपयेच येत राहतील.

कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी लागेल, कारण कार्यालयातून मिळणारी बरीचशी उत्तरे जुन्या कायद्याच्या भाषेतली असतात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाला तेव्हा लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत ज्यांचे हातपाय गेले किंवा मणके मोडले त्यांच्या हाती दिव्यांगांच्या हक्कांचा कोणताच स्वतंत्र केंद्रीय कायदा नव्हता. जे मिळाले ते मदत म्हणून मिळाले. त्यानंतर १९९५ चा कायदा आला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला, परंतु रस्ते, वाहतूक आणि इमारती सुगम करण्याची त्यातील जबाबदारी 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशा शब्दांनी बांधलेली होती. "निधी उपलब्ध नाही" हे उत्तर त्या शब्दांच्या आधाराने वर्षानुवर्षे चालून गेले आणि अनेक टेबलांवर आजही चालवले जाते. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि त्या कराराला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून २१ झाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच कायद्याच्या कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम करणे बंधनकारक आहे, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच उलटून गेली. ग्रामपंचायत कार्यालय आणि तहसील कार्यालय या दोन्ही सार्वजनिक इमारती आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात या बाबतीत आणखी स्पष्ट भूमिका घेतली. कायदा सुगमता सक्तीची करतो आणि २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मात्र ती केवळ मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणून ठेवतो, ही विसंगती दाखवून न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानके तयार करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. त्यामुळे "या सूचना ऐच्छिक आहेत" असे कोणी सांगितले, तर त्या निकालाचा संदर्भ आपल्या अर्जात एका ओळीत द्यावा. अर्ज लांब करण्याची गरज नसते. लांबलचक अर्ज कोणी वाचत नाही.

तहसीलच्या पहिल्या मजल्याचा प्रश्न याहून सोपा आहे, आणि तो आठवड्याभरातही सुटू शकतो. इमारतीला लिफ्ट बसवायला अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा लागतील. अव्वल कारकुनाने खाली येऊन तळमजल्यावर कागद पाहण्यासाठी यांपैकी काहीच लागत नाही. कायद्यात याला वाजवी सोय म्हटले आहे: समोरच्या यंत्रणेवर अवाजवी भार न टाकता त्या व्यक्तीपुरता करून दिलेला योग्य तो बदल. ही सोय नाकारणे हा भेदभाव ठरतो, असे कायद्याच्या व्याख्येतच, म्हणजे कलम २(एच) मध्ये, स्पष्ट लिहिलेले आहे. तहसीलदारांच्या नावे चार ओळींचा अर्ज भावाने स्वतः द्यावा: मी व्हीलचेअर वापरतो, अमुक शाखेत माझे काम आहे, आठवड्यातील ठरावीक दिवशी किंवा मी आल्याची वर्दी दिल्यावर संबंधित कर्मचाऱ्याने तळमजल्यावर माझे काम पाहावे. अर्जावर आवक क्रमांक घालून घ्यावा आणि पोच जपून ठेवावी. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा घोडे पेंड खाते ते इथेच, कारण तोंडी विनवण्या खूप झालेल्या असतात आणि कागद एकही नसतो.

"भावाने स्वतः" हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. आपल्याकडे घरात कोणी दिव्यांग असला की त्याचे सगळे बोलणे आई, बहीण किंवा वहिनी बोलते. ते प्रेमापोटी असते आणि सोयीचेही असते. परंतु कार्यालयाच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा होतो की अर्जदार कधी समोर येतच नाही, आणि जो समोर येत नाही त्याच्यासाठी पायऱ्या काढण्याची निकड कोणालाच वाटत नाही. ताई, तुम्ही सोबत जा, खुर्ची ढकला, कागदांची पिशवी सांभाळा. सही, बोलणे आणि प्रश्न विचारणे मात्र त्याच्याकडे सोपवा. तो बी.ए. आहे, तुमच्या गावातील निम्म्या सभागृहापेक्षा त्याला अर्ज चांगला लिहिता येत असेल.

आता ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांकडे येतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. तुमचा भाऊ हा निमंत्रित नाही, सदस्य आहे. त्याला आत येता येणार नाही अशा जागी सभा भरवणे म्हणजे एका सदस्याला सभेबाहेर ठेवणे होय. त्यामुळे दोन मागण्या एकाच अर्जात कराव्यात. पहिली तात्काळ अमलात येणारी: रॅम्प होईपर्यंत प्रत्येक ग्रामसभा शाळेच्या मैदानात, समाजमंदिरासमोर किंवा अन्य सपाट जागी घ्यावी आणि तसे सभेच्या नोटिशीत लिहावे. दुसरी रॅम्पची, आणि ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करून घेण्याची. रॅम्पसाठी दिव्यांगांचा पाच टक्के निधी वापरू देऊ नका. इमारत सुगम करणे ही इमारतीच्या मालकाची जबाबदारी आहे आणि वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेल्या, निधीतून ते काम घेता येते. दिव्यांगांच्या वाट्याचे तुटपुंजे पैसे त्यांच्याच नावाने सरकारी ओट्याला उतार करण्यात घालवायचे आणि वर "तुमच्यासाठी एवढे केले" म्हणायचे, हा प्रकार मला मुळीच मान्य नाही.

रॅम्प मंजूर झाला म्हणजे काम संपले असे समजू नका. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. उताराचे प्रमाण जास्तीत जास्त एकास बारा असावे, म्हणजे एक फूट उंची चढायला किमान बारा फूट लांबी. एक पायरी सहा इंचांची धरली तर तुमच्या पाच पायऱ्यांची उंची अडीच फूट होते आणि उतार तीस फूट लागतो. गवंड्याला हा हिशेब कोणी सांगत नाही, त्यामुळे तो पायऱ्यांच्या शेजारी मोकळी जागा असेल तेवढी, आठ-दहा फुटांची घसरगुंडी करून देतो. मोटारसायकल वर चढवायला ती उत्तम असते. व्हीलचेअर त्यावरून स्वतःच्या हाताने चढत नाही, आणि उतरताना सोबतच्या माणसाचा हात सुटला तर थेट रस्त्यावर जाते. जागा कमी असेल तर रॅम्पला वळण द्यावे आणि वळणावर खुर्ची थांबून फिरू शकेल असा पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवावा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना हाताला धरता येईल असे रेलिंग, चाक बाहेर जाऊ नये म्हणून कडेला बारीक कठडा आणि वर खरबरीत कोबा एवढे तरी हवेच. चकचकीत फरशी पहिल्या पावसात दगा देते. दाराची मोकळी रुंदी तीन फूट असावी, आणि एवढे सगळे करून दारात दोन इंचांचा उंबरा ठेवलेला नसावा. रॅम्पच्या पायथ्याशी उघडी नाली असेल तर तीवर चाक अडकणार नाही अशी जाळी टाकून घ्यावी. हे सर्व अर्जासोबत एका कागदावर आकृती काढून द्या आणि काम चालू असताना भावाला तिथे घेऊन जा. मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्यापूर्वी खुर्ची एकदा वर चढवून पाहणे हीच खरी तपासणी आहे.

पाच टक्के निधीचे गणित स्पष्टपणे मांडले तर बरेच गैरसमज दूर होतात. हा निधी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नावर, म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे यांसारख्या वसुलीवर मोजला जातो; शासनाकडून आलेल्या एकूण रकमेवर नाही. समजा एखाद्या गावाचे स्वउत्पन्न तीन लाख रुपये आहे. त्याचे पाच टक्के पंधरा हजार होतात आणि गावात तीस दिव्यांगांची नोंद असेल तर सरसकट वाटपात प्रत्येकाच्या हाती पाचशे रुपये येतात. मराठवाड्यात दुष्काळी वर्षी पट्टीची वसुलीच होत नाही, तेव्हा हा आकडा आणखी खाली येतो. त्यामुळे तुम्हाला मिळणारे हजार रुपये ही लबाडीच आहे असे हिशेब पाहिल्याशिवाय म्हणता येणार नाही. ती असूही शकते. मागील तीन वर्षांचे स्वउत्पन्न, त्यातील पाच टक्के रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि लाभार्थ्यांची यादी एवढी माहिती माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये शुल्क आहे, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि गावात कोणी दृष्टिहीन अर्जदार असेल तर माहिती मिळवण्यासाठी त्याला आवश्यक ते साहाय्य देणे त्याच कायद्याच्या कलम ७(४) नुसार बंधनकारक आहे. हिशेब हाती आल्यावर ग्रामसभेत वाटपाची पद्धत बदलण्याचा ठराव मांडता येईल. हा निधी वैयक्तिक लाभाप्रमाणे सामूहिक कामालाही वापरता येतो. माझा कल असा की लहान गावात सगळ्यांना समान चिल्लर वाटण्यापेक्षा एका वर्षी ज्यांची गरज सर्वांत तातडीची आहे अशा दोघा-तिघांना पूर्ण उपयोगी पडेल असे साधन द्यावे आणि क्रम ठरावात लिहून ठेवावा. परंतु हा निर्णय गावातील दिव्यांगांनी एकत्र बसून घ्यायचा आहे, ग्रामसेवकांनी नव्हे आणि माझ्यासारख्या वकिलानेही नव्हे.

"पगार चालू आहे ना" या टोमण्याला उत्तर देता येण्याजोगे आहे. निराधार योजनेचे अनुदान हा सामाजिक सुरक्षेचा भाग आहे. राज्य सरकारने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये केले. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे अशी तरतूद आहे, कारण दिव्यांग माणसाचा जगण्याचा खर्चच जास्त असतो. मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णाचे कॅथेटर, जखमांचे ड्रेसिंग, हवेची गादी आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा नांदेडला जायचे तर स्वतंत्र गाडी, हे सगळे धरले तर अडीच हजारांत काय उरते हे तुम्हाला सांगायला नको. ग्रामपंचायतीचा निधी ही वेगळी बाब आहे, आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत व घरकुलात कलम ३७ नुसार असलेला पाच टक्के वाटा ही आणखी वेगळी. एक मिळाले म्हणून दुसरे रद्द होत नाही. भावाने नोकरीचा विचार सोडू नये हेही सांगतो. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे, आणि परीक्षा केंद्र तळमजल्यावर मागण्याचा त्याला अधिकार आहे.

गावातील दिव्यांगांना एकत्र बसवा असे मी म्हणतो तेव्हा कोण कोण बसते हे पाहणे महत्त्वाचे आहे. व्हीलचेअरवरचा पदवीधर तरुण पुढे येतो. वस्तीतली मूकबधिर मुलगी, मनोरुग्ण म्हणून घरात कोंडलेली बाई, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाने आजीपाशी ठेवलेला गतिमंद मुलगा ही माणसे कोणत्याच बैठकीत दिसत नाहीत. बीड, परभणी, जालना भागातून टोळ्या कारखान्यावर जातात तेव्हा उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातल्या एकाचा हात किंवा पाय निकामी झाला की तो अर्धा कोयता होतो आणि उचलही तशीच निम्म्यावर येते. अशा घराचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र बहुधा निघालेलेच नसते, कारण जिल्हा रुग्णालयात तपासणीचा वार ठरलेला असतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही. त्यात वस्ती दलितांची असेल आणि बाई एकटी असेल, तर तिच्यासाठी पाच पायऱ्या हा शेवटचा अडथळा असतो, पहिला नसतो. कलम ३७ ने योजनांच्या आरक्षणात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य दिलेले आहे. यादी करताना हे वाक्य ग्रामसेवकांना वाचून दाखवावे. मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेला निधी आणि दिव्यांगांचा निधी यांची सांगड घालून "एकाच घरात दोनदा लाभ नको" असे म्हणणारे भेटतील. त्यांना कायद्यात अशी कोणतीही बंदी दाखवता येणार नाही.

संबंध बिघडण्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गावात राहायचे असते, त्याच सरपंचाकडून रहिवासी दाखला घ्यायचा असतो आणि खुर्ची उचलायला शेजारचाच पोरगा लागतो. म्हणून पहिला अर्ज तक्रारीचा नसावा, मागणीचा असावा, आणि त्यावर भावासोबत इतर दिव्यांगांच्या, गुडघेदुखीमुळे पायऱ्या चढू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आणि शक्य असल्यास एक-दोन ग्रामपंचायत सदस्यांच्या सह्या असाव्यात. दोन ग्रामसभा होऊनही काही हालले नाही, तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी जा. तिथेही टोलवाटोलवी झाली तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे टपालाने तक्रार पाठवता येते. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे यांसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय कारवाई केली हे संबंधित यंत्रणेला तीन महिन्यांत कळवावे लागते. वकिलाच्या फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ विषयी तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून माझे मत नोंदवून ठेवतो. चारचौघांत अपमानित करण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर पाणउतारा केला, तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद या कलमात आहे. "पगार चालू आहे ना" हे वाक्य उद्धट आहे. त्यावर गुन्हा उभा राहणे कठीण आहे. भर सभेत त्याच्या पायांवरून कोणी शिवी दिली तर ती गोष्ट वेगळी, आणि तेव्हा मागे हटू नये. परंतु या कलमाची धमकी मागणीच्या अर्जात घालू नका. त्यामुळे पाच पायऱ्यांचा विषय बाजूला पडतो आणि कोण कोणाला काय म्हणाले यावर गाव दोन तटांत वाटले जाते.

मतदानाबाबत एक सूचना. लोकसभा आणि विधानसभेच्या २०२४ मधील निवडणुकांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदानाचा पर्याय होता. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तो चांगलाच आहे. तुमच्या भावाला केंद्रावर जाता येत असेल तर मात्र त्याने केंद्रावरच जावे, असे मला वाटते, कारण घरून मत देणारे वाढले की "इथे कोणी येत नाही" म्हणून शाळेच्या केंद्राचा उतारही रखडतो. सर्व मतदान केंद्रे सुगम असावीत हे कलम ११ ने सांगितलेलेच आहे, आणि तीच शाळा दुसऱ्या दिवशी मुलांची असते.

शेवटी एक व्यावहारिक बाब, जी मागणीपत्रातून हमखास सुटते. मणक्याची दुखापत झालेल्या माणसाचे लघवीवर नियंत्रण राहत नाही आणि एका जागी फार वेळ बसले की जखमा होतात. ग्रामसभा अकराची वेळ देऊन साडेबाराला सुरू होते आणि दोन-तीन तास चालते. तेव्हा रॅम्पच्या अर्जातच, खुर्ची आत जाऊन फिरू शकेल, दार बाहेर उघडेल आणि कमोडशेजारी भिंतीला आधाराची दांडी असेल असे एक शौचालय मागा, त्याला पाणी असेल हेही लिहा, आणि त्याची किल्ली शिपायाच्या खिशात न राहता सभेच्या दिवशी कुलूप उघडे राहील अशी अट ठरावात घालून घ्या.